पाणी पाजलेली सांडशी

सांडशीला चीर होती आणि ती मला ठाऊक होती. हे आधीच लिहून टाकतो. पुढे कारणं येतील, माझ्या बाजूचं बरंच काही येईल. वाचणाऱ्याने ते सगळं ह्या एका वाक्याखाली ठेवून वाचावं.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी तेव्हा तिशी ओलांडलेला, एका मुलीचा बाप. गाव माझं सोनाळ्याच्या बाजूचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. घरी शेती होती, पण चार भावांत मिळून एकाला पुरेल इतकंच काम होतं. म्हणून मी खामगावला येऊन आधी कापसाच्या जिनिंगमध्ये आणि मग एका मोटार मालकाच्या कारखान्यात लागलो. मालकाच्या दोन बस होत्या आणि एक लॉरी. कारखान्याचा मिस्त्री माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, हाताने फार शांत आणि तोंडाने फार खट्याळ. तिशीच्या माणसाला पाना धरायला शिकवायचा म्हणजे त्यालाही गंमत वाटायची. शिकणाऱ्याला मात्र वाटत नाही. माझ्या वयाचे लोक स्वतःची बस चालवत होते आणि मी अजून नट-बोल्ट रॉकेलात धूत होतो.

पेट्रोल कूपनावर मिळायचं आणि तेही पुरायचं नाही. त्यामुळे बसच्या मागे लोखंडी पिंप बसवून त्यात लाकडी कोळसा पेटवायचे आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचे. गाडी चालायची, पण त्या गॅसमधून डांबरासारखा चिकट मळ इंजिनात जायचा. इंजिनात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झाकणं असतात, ते व्हॉल्व. मळाने ते चिकटून बसायचे. मग इंजिन खोला, आठही व्हॉल्व काढा, खरवडा, घासा, परत बसवा. पेट्रोलच्या दिवसांत वर्षातून एकदा करायचं काम दर महिन्याला येऊ लागलं.

व्हॉल्व नुसता उचलून निघत नाही. त्याच्या दांडीवर जाड स्प्रिंग असते, स्प्रिंगच्या बुडाशी एक वाटी, आणि वाटीत नखाएवढ्या दोन अर्ध्या कड्या. त्यांना आम्ही लॉक म्हणायचो. वाटी वर उचलून स्प्रिंग दाबली तरच लॉक निघतं. हाताने ती दबत नाही. त्यासाठी जे हत्यार लागतं ते मालकाने मुंबईहून आणवलेलं होतं. त्याचा स्क्रू झिजून झिजून एक दिवस फिरायचाच थांबला. मालकाने नागपूरला लिहिलं, मुंबईला लिहिलं. दोन्हीकडून एकच उत्तर आलं, की युद्ध संपेपर्यंत माल येणार नाही.

"नाही येत त नाही येत," मिस्त्री म्हणाला, "आपण घडवू." आणि त्याने खडूने फरशीवर आकृती काढली. "सांडशी पाह्यली ना घरची? तिचे हात एकमेकावरून आडवे जाते, म्हणून मूठ दाबली का तोंड मिटते. याचे हात आडवे नाही जाऊ द्याचे. मंग मूठ दाबली का तोंड उघडते. खालचा जबडा खाली टेकवाचा, वरच्या जबड्याले दोन दात ठेवाचे, काट्यावाणी. ते दात वाटीखाली जाते आणि वाटी वर उचलते. समजलं काय?"

समजलं. मीच पुढे होऊन म्हणालो, आमच्या गावचा लोहार घडवून देईल. आमच्या घरच्या वखराची पास, म्हणजे माती खरवडणारं पातं, विळे, कुऱ्हाडी, सगळं त्याच्याच हातचं असायचं. दर साली खळ्यावर त्याला आमच्याकडून धान्य जायचं. मिस्त्री म्हणाला, "वखर येगळा अन् इंजिन येगळं, हे सांगजो त्याले." 

पहिली सांडशी बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या धावेतून घडवली. आकार अगदी बरोबर आला. पण धावेचं लोखंड मऊ. दुसऱ्याच व्हॉल्वला दोन्ही दात वाकून खाली आले. बसचा ड्रायव्हर तिथेच विडी ओढत बसला होता. तो उठून आला, सांडशी हातात घेतली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे कुणब्याची सांडशी हाय बाप्पा! इंजिनाले नाही चालत. ने घरी, वहिनीले भाकर उलटवाले कामी येईन!"

सगळे हसले. मिस्त्रीही हसला. मीही हसलो, कारण न हसणं अधिक वाईट दिसलं असतं.

दुसऱ्या खेपेला मिस्त्रीने मला मोटारीच्या तुटलेल्या कमानीचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचा, पोलादी पाटा दिला. "याच्यात जीव आहे," तो म्हणाला. "पण एक गोष्ट ध्यानात ठेव. घडून झाल्यावर याले पाणी पाजाचं नाही. लाल करून राखेत गाडाचं अन् सकाळपर्यंत आपोआप निवू द्याचं."

"हाव."

"काय हाव? सांग बरं, काय सांगतलं मी?"

"राखेत निवू द्याचं."

"हं. जाय आता."

म्हणजे मला सांगितलेलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

लोहाराच्या भात्याजवळ मी दुपारभर बसलो. त्याने पाटा तापवला, ठोकला, छिन्नीने दात कापले, खिळ्याने दोन्ही हात जोडले. माझ्या डोक्यात ड्रायव्हरचं बोलणं फिरत होतं. वाकलेले दात दिसत होते. आणि त्याच्याही मागे एक जुनी गोष्ट होती, जी शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यालाच कळेल. नवी पास घरी आली की माझे वडील ती दोन बोटांत लोंबती धरायचे आणि नखाने टिचकी मारायचे. खणखणीत वाजली की म्हणायचे, पाणी बरोबर बसलं. बद्द वाजली की लोहाराकडे परत. तापलेलं लोखंड पाण्यात बुडवलं की ते कडक होतं आणि धार धरतं, हे आम्हाला चालता येण्याआधी कळायचं. बिनपाण्याचं लोखंड म्हणजे आमच्या घरी शिवी होती. कामचुकार गड्याला आई तसं म्हणायची. मिस्त्री काहीही सांगो, पाण्याशिवाय लोखंड चांगलं होतं हे माझ्या मनाला पटतच नव्हतं. मला वाटलं, शहरातल्या माणसाला लोखंडातलं काय कळतं?

लोहार लाल झालेला जबडा राखेकडे न्यायला निघाला तेव्हा मी म्हणालो, "काका, पाणी पाजा."

तो थांबला. "तुम्हीच त म्हणले ना भाऊ, मिस्त्रीनं राखेत सांगतलं?"

"मागच्या येळी वाकली. आता वाकाले नाही पायजे."

"हे का पास आहे? पास मातीत चालते, तिले कोणी वाकवत नाही. याले त दर येळी ताण बसन. पाणी पाजलं त कडक होईन, पण काचेवाणी होईन."

"तुमचं काम तुम्ही करा ना काका. मी सांगतो ना, पाजा."

हे मी ज्या आवाजात म्हणालो तो माझा नव्हता. तो खळ्यावर धान्य मोजून देणाऱ्या घरचा आवाज होता. लोहाराने माझ्याकडे पाहिलं नाही. जबडा पाण्याच्या डोणीत बुडवला. चर्रर्र आवाज झाला, वाफ वर आली. निवल्यावर मी वडिलांसारखी दोन बोटांत धरून टिचकी मारली. देवळातल्या घंटेसारखी वाजली. मला फार बरं वाटलं.

"मी नाही म्हणलं होतं," लोहार हात पुसत म्हणाला. "तेवढं ध्यानात असू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचलो. दातांच्या कडा जरा बोथट कराव्या म्हणून कानस लावली तर ती नुसती घसरत गेली. लोखंडावर ओरखडा उठेना. मी कानस खाली ठेवली. मिस्त्रीने मला चीर शोधायची रीत शिकवली होती. मी दात रॉकेलात बुडवले, कोरडे पुसले आणि वर खडू घासला. भेग असेल तर तिच्यात मुरलेलं रॉकेल खडूला ओलं करतं आणि रेघ दिसते. थोडा वेळ काहीच दिसलं नाही. मग उजव्या दाताच्या मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढी रेघ हळूहळू उमटली.

मी ती रेघ पाहत उभा राहिलो. फार वेळ नव्हे. ड्रायव्हरच्या सायकलची घंटी फाटकात वाजली.

गावाला निघायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीने माझ्यासमोर मालकाला सांगितलं होतं, की सांडशी जमली तर दुसऱ्या बसचं इंजिन याच्याच हाती देऊ, आता याला धुण्याभांड्याला ठेवण्यात अर्थ नाही. त्या इंजिनाच्या आनंदात मी त्या रात्री जेवलोही नव्हतो. बसही दुसऱ्या दिवशीच्या बाजाराला निघायची होती. आता सांडशी मोडीत काढली तर पुन्हा गावाला जाणं, पुन्हा तो हशा, आणि वर हे सांगणं, की मी तुमचं ऐकलं नाही. मी अंगठ्याने खडू पुसला. चहाच्या पातेल्याच्या बुडाची काजळी ग्रीसमध्ये कालवली आणि त्या दातावर चोळली. रेघ दिसेनाशी झाली.

मिस्त्रीने आल्याबरोबर सांडशी हातात तोलली, मुठी दोनदा दाबून पाहिल्या. "झकास घडवली लेका. राखेत ठेवली ना?"

"हाव," मी म्हणालो.

बसचं टोपण उघडून आम्ही इंजिनाच्या बाजूला उकिडवे बसलो. ह्या कामाला दोन माणसं लागतात. एक सांडशी दाबून धरतो, दुसरा वाटीतलं लॉक बोटांनी काढतो. जागा अरुंद आणि अंधारी, म्हणून लॉक काढणाऱ्याचं तोंड अगदी जवळ, वितीभर अंतरावर असतं. सांडशीच्या मुठी माझ्या हातात होत्या. तोंड मिस्त्रीचं होतं.

पहिला व्हॉल्व. मी दाबलं. वाटी वर सरकली, स्प्रिंग आकसली, दात हलले नाहीत. मिस्त्रीने लॉक काढलं. "सोड." मी सोडलं. माझ्या मानेवरून घाम गेला. दुसरा. तिसरा. प्रत्येक वेळी मी दाबताना माझी नजर त्या उजव्या दाताच्या मुळावर असायची आणि तिथे ग्रीसशिवाय काही दिसायचं नाही. मी हळू दाबत होतो, म्हणजे चीर वाढली तर हाताला कळेल. लोखंड हाताला काही सांगत नव्हतं. चौथा. पाचवा.

"काऊन बे, इतकं हळू काऊन दाबून राह्यला?"

"स्प्रिंग जड आहे."

"जड आहे म्हणूनच त सांडशी आणली. नाहीतर तुले काहाले बोलावलं असतं?"

आठही निघाले. काहीच झालं नाही. मला वाटलं, ती चीर वरवरची असेल. खडूने उगाच घाबरवलं. माणसाला जे हवं असतं ते त्याला किती लवकर खरं वाटू लागतं, हे मी तेव्हा शिकलो नाही, पुढे शिकलो.

दुपारभर आम्ही व्हॉल्व घासत बसलो. एक एक व्हॉल्व त्याच्या जागी ठेवायचा, पावडरीचा लेप लावायचा आणि रवी घुसळतात तसा दोन्ही तळव्यांत फिरवायचा. त्या कामात बोलायला भरपूर वेळ असतो. मिस्त्री मजेत होता. त्याच्या धाकट्या मेव्हण्याच्या लग्नात वऱ्हाडाची बस कशी फसली आणि वऱ्हाडींनीच ती ढकलत मांडवापर्यंत कशी नेली, हे तो सांगत होता. मी मध्येच म्हणालो, "मिस्त्री..."

"काय बे?"

"सांडशी जराशी तापवून राखेत ठेवू का? परत बसवाच्या आधी."

त्याने हात थांबवला नाही. "काहाले? चालून राह्यली ना चांगली. चालत्या बैलाले तुतारीची आर काहाले टोचतं?"

तेवढ्यात ड्रायव्हर आला. त्याने ताटलीत मांडलेली लॉकं मोजली, सांडशी उचलून न्याहाळली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "मानलं गड्या. कुणब्याची सांडशी त सायबाची झाली! मालकाले सांगतो मी, चहा पाजा म्हणा याले."

बोलायची वेळ तीच होती. तीन शब्द लागले असते. मी हसलो.

चहा पिऊन आम्ही परत बसलो. बसवताना काम अधिक नाजूक असतं. स्प्रिंग दाबून धरायची, आणि तोवर लॉकचे दोन्ही अर्धे ग्रीसने बोटाच्या टोकाला चिकटवून आत सरकवायचे. त्यामुळे दाब जास्त वेळ धरावा लागतो आणि बसवणाऱ्याचं तोंड आणखी पुढे येतं. पहिला बसला. दुसरा बसला. तिसऱ्याचं लॉक बोटावरून निसटलं, मिस्त्रीने ते शोधेपर्यंत मी दाब धरून ठेवला. मला एक ते शंभर आकडे मनात म्हणावेसे वाटले. चौथा, पाचवा, सहावा बसला. दोन राहिले. मी मनात कुळदेवतेला नारळ बोललो. खरं बोलण्यापेक्षा नारळ स्वस्त होता.

सातव्याला मी दाबलं. मिस्त्रीने एक अर्धं आत ठेवलं. दुसरं बोटावर घेतलं आणि वाकून पाहू लागला.

आवाज फार लहान झाला. सुपारी फुटते तेवढाच. माझ्या मुठी एकदम सैल झाल्या आणि स्प्रिंग खाली आदळली.

मिस्त्री मागे बसला. उजव्या डोळ्यावर हात. "काय गेलं बे? कोळसा गेला काय?"

आणि मी म्हणालो, "हाव, कोळसाच असन."

हे मी कुणालाही कधी सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. बाकी सगळं पुढे सगळ्यांना कळलं. हे एक वाक्य माझ्याजवळ राहिलं. त्याच्या बोटांमधून रक्त खाली येत होतं, आणि मी कोळसा म्हणालो.

त्याला मालकाच्या गाडीतून अकोल्याला नेलं. डॉक्टरने डोळ्यातून सुईच्या टोकाएवढा लोखंडाचा कण काढला आणि सांगितलं, की दृष्टी परत यायची नाही. मिस्त्री तीन आठवडे तिकडेच भावाकडे होता. ती बस दोन व्हॉल्व बसवायचे राहिले तशीच उभी होती. मी रोज तिच्यावरून जायचो. तुटलेली सांडशी मी माझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. मोडलेल्या जागी कुणीही वाचलं असतं. नवी तुटलेली बाजू चांदीसारखी चमकत होती, आणि मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढा भाग काळा होता, कारण तिथे माझी काजळी आधीपासून मुरलेली होती. दोनदा मी कानस हातात घेतली. कानस तिथे चालणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी घेतली.

तोवर मालकाच्या मनाने दोष कुणाचा ते ठरवून टाकलं होतं. खेड्यातल्या लोहाराने चांगलं लोखंड बिघडवलं. हे त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं तेव्हा मी समोर होतो. गप्प राहिलो. गप्प राहण्याला पहिल्या दिवशी फार जोर लागतो, पुढे लागत नाही.

मिस्त्री परत आला त्या दिवशी मालकाने लोहाराला बोलावून घेतलं होतं. तो सकाळच्या बसने आला. धुतलेलं धोतर, डोक्याला रुमाल, हातात चपला. कारखान्याच्या दाराशी तो उकिडवा बसला. आत मिस्त्री स्टुलावर, डोळ्यावर पांढरी पट्टी. मालक खुर्चीवर. ड्रायव्हर दाराला टेकून. मी ऐरणीजवळ.

"काय रे," मालक म्हणाला, "काय सांडशी घडवून देली तू? माणसाचा डोळा गेला. तुले समजते का काही?"

लोहाराने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो पाहत होता, मी बोलतो की नाही. मग मान खाली घालून म्हणाला, "चुकी झाली असन मालक. माह्याच हातून झाली असन."

त्याचा आमच्या घरावर पिढ्यांचा हक्क होता आणि आमचा त्याच्यावर. म्हणून तो माझ्याविरुद्ध बोलणार नव्हता. त्याला मी कधी मारलं असतं तरी बोलला नसता. हे मला ठाऊक होतं, आणि मी ऐरणीजवळ उभा राहून त्या ठाऊक असण्याच्या आडोशाला होतो.

"त्याची चुकी नाही," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की मालकाने "काय?" विचारलं. मग मी सगळं सांगितलं. राख सांगितली होती ते, पाणी पाजायला लावलं ते, खडूची रेघ, काजळी. पेटीतून सांडशी काढून फरशीवर ठेवली. कोळशाचं मात्र सांगितलं नाही. जीभ तिथपर्यंत गेलीच नाही.

ड्रायव्हर दारापासून सरळ झाला. मालक उठला आणि त्याने मला आईवरून शिवी दिली. "घरी जाय. आत्ताच्या आत्ता. वखर हाक घरी जाऊन."

 मिस्त्रीने खाली वाकून सांडशी चाचपडली, उचलली, आणि मोडलेली जागा चांगल्या डोळ्याजवळ नेली. एका डोळ्याने वस्तू किती अंतरावर धरायची ते त्याला अजून जमत नव्हतं. आधी नाकाला लागली.

"चीर कोठी होती? अथी?"

"हाव. उजव्या दाताच्या मुळाशी."

"खडूनं पाह्यली?"

"हाव."

"मीच शिकवलं होतं ना तुले ते?"

"हाव."

त्याने सांडशी मांडीवर ठेवली.  मग मालकाला म्हणाला, "जाऊ नका देऊ त्याले. काम अर्धं पडलं आहे." आणि लोहाराला म्हणाला, "भाऊ, पाट्याचा तुकडा शिल्लक आहे. इथंच घडवता काय? भट्टी आहे आमची."

लोहाराने त्या दिवशी आमच्या भट्टीवर सांडशी घडवली. भाता मी मारला. घडवून झाल्यावर त्याने ती लाल करून राखेत पुरली आणि वर टोपलं ठेवलं. संध्याकाळच्या बसपर्यंत आम्ही दोघे त्या राखेजवळ बसलो होतो. जाताना तो मला म्हणाला, "पाणी त म्याच पाजलं भाऊ. हात माहाच होता." मला त्याचा हा वाटा घ्यायचा नव्हता, पण त्याला नाही कसं म्हणावं तेही कळलं नाही. मी त्याच्या पायाला हात लावायला वाकलो तर तो घाईने मागे सरला आणि म्हणाला, "अरे बाप्पा, हे काय करून राह्यले? लोक पाहतीन."

सकाळी मिस्त्रीने राख बाजूला केली. सांडशी काढली, रॉकेल लावलं, पुसली, खडू घासला. आम्ही दोघे थांबलो. काही उमटलं नाही. मग त्याने मुठी स्वतःच्या हातात घेतल्या आणि मला म्हणाला, "बस तथी."

तो जिथे बसला होता तिथे मी बसलो. सातवा व्हॉल्व. त्याने दाबलं. वाटी वर गेली. मी लॉकचा पहिला अर्धा ठेवला. दुसऱ्यासाठी मला पुढे वाकावं लागलं. दात माझ्या डोळ्यांसमोर वितीभरावर होते. इतके जवळ की त्यांवरचे हातोड्याचे ठसे दिसत होते. त्याच्या हाताचा ताण लोखंडात उतरलेला दिसत होता. माझ्या बोटावरचं लॉक आत जात नव्हतं.

"घाई नको करू," वरून त्याचा आवाज आला. "मी धरून आहे."

लॉक बसलं. मी म्हणालो, "बसलं, सोडा." त्याने सोडलं नाही. मी तिथेच वाकलेला होतो. मान मागे घ्यायची माझी हिंमत नव्हती, आणि ती घ्यावी असंही मला वाटलं नाही. स्प्रिंग दबलेली, दात ताणलेले, आणि आम्हा दोघांच्या श्वासाशिवाय दुसरा आवाज नव्हता. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. मग त्याने फार हळू, जसं झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून हात काढतात तसं, मुठी सैल केल्या.

"आठवा," तो म्हणाला.

आठवाही बसवला. दुपारी बस सुरू झाली.

मी त्याच्या हाताखाली पुढे नऊ वर्षं काम केलं. मालकाने दोन वर्षांनी मला दुसऱ्या बसचं इंजिन दिलं, मिस्त्रीच्याच शब्दावरून. त्याने मला पुन्हा कधी त्या गोष्टीवरून बोल लावला नाही. चेष्टा तशीच करायचा, माझ्या मुलीच्या लग्नात जेवून गेला. फक्त एक बदललं. काम करताना तो पाना मागायचा, हातोडी मागायचा, सांडशी मागायचा. मी ती घेऊन हात पुढे केला की म्हणायचा, "खाली ठेव." मी फरशीवर ठेवायचो. तो ती स्वतः उचलायचा, चांगल्या डोळ्याजवळ नेऊन फिरवून पाहायचा, आणि मग कामाला लावायचा. नवे लोक समजायचे, की लोखंड हातातून हातात देऊ नये म्हणतात, भांडण होतं, म्हणून मिस्त्री पाळत असेल. मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. नऊ वर्षांत त्याने माझ्या हातातून एकही हत्यार घेतलं नाही.